सेव्ह करायचं राहिलं का? फॉर्ममधला बदल ओळखायचा कसा

मागच्या वेळी आपण टेबलं कशी मांडायची, त्यांच्यातली नाती कशी जोडायची ते पाहिलं. आजचा विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. फॉर्मवर माणूस काहीतरी भरतो, बदलतो आणि फॉर्म बंद करतो. मधल्या वेळात काही बदललं होतं का, बदललं असेल तर नेमकं काय, आणि ते साठवलं गेलं का, एवढंच आज बघायचं आहे. पण या किरकोळ गोष्टीने मला एकदा चांगलाच घाम फोडला होता, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी मी ॲक्सेसमध्ये सभासद नोंदणीचा प्रोग्रॅम केला होता. सभासदाचं नाव, पत्ता, फोन, वारसदार असा साधा फॉर्म. खाली मी हौसेने ‘बंद करा’ असं मोठं बटण ठेवलं होतं. एक सभासद वारसदाराचं नाव बदलायला आले. काऊंटरवरच्या मॅडमनी नाव बदललं. जुना फोन बंद झाला होता म्हणून तो नंबर खोडला आणि नवीन नंतर विचारून टाकू म्हणून रकाना रिकामा ठेवला. मग ‘बंद करा’ दाबलं. फॉर्म बंद झाला, कसलीही तक्रार न करता. मॅडमना वाटलं झालं काम.

झालं नव्हतं. टेबलात फोनचा रकाना मी सक्तीचा ठेवला होता, त्यामुळे रिकाम्या फोनसकट ती नोंद साठवलीच जाऊ शकत नव्हती. आणि बटणामागे मी नुसती फॉर्म बंद करायची आज्ञा लिहिली होती. ॲक्सेसमध्ये ही आज्ञा अशी आहे की नोंद साठवता आली नाही, तर ती मुकाट्याने बदल टाकून देते आणि फॉर्म बंद करते. पुढे ते सभासद वारले, घरची मंडळी आली, तेव्हा स्क्रीनवर जुनाच वारसदार. कागदावरचा सहीचा अर्ज फाईलमध्ये होता म्हणून निभावलं. चूक मॅडमची नव्हती, माझी होती.

आता याच्या उलटची गोष्ट. त्याच फॉर्मवर कुणीतरी नुसती माहिती बघायला नोंद उघडली. टेबलावर फाईल ठेवताना कोपरा कीबोर्डवर लागला आणि एका रकान्यात भलताच आकडा पडला. लक्षात न येता पुढच्या नोंदीवर गेले. ॲक्सेस दुसऱ्या नोंदीवर जाताना आधीची नोंद आपोआप साठवतो, काही विचारत नाही. म्हणजे नको असलेला बदल पक्का झाला.

तर धोके दोन आहेत. हवा असलेला बदल हरवणं, आणि नको असलेला बदल साठवला जाणं. सेव्ह न केलेले बदल म्हटलं की आपण पहिल्याचाच विचार करतो. पैशाच्या आणि हक्काच्या नोंदीत दुसरा तितकाच वाईट असतो.

एकच किंमत, चार जागा

पूर्वी दुकानात कच्ची वही आणि पक्की वही असायची. दिवसभर कच्च्या वहीत खरडायचं, संध्याकाळी तपासून पक्क्या वहीत उतरवायचं. फॉर्मचं तसंच आहे, फक्त जागा दोनाऐवजी चार आहेत.

पहिली जागा म्हणजे टेबल, आपली पक्की वही. दुसरी, फॉर्मने नोंद उघडताना टेबलातून वाचलेली मूळ किंमत. ॲक्सेसमध्ये हिला ‘ओल्डव्हॅल्यू’ म्हणतात. तिसरी, रकान्याची सध्याची किंमत, म्हणजे ‘व्हॅल्यू’. आणि चौथी, कर्सर अजून चौकटीतच आहे, टायपिंग चालू आहे, त्या क्षणी चौकटीत दिसणारी अक्षरं. हिला ‘टेक्स्ट’ म्हणतात.

तिसरी आणि चौथी जागा एकच आहे असं नवशिक्यांना वाटतं, आणि इथेच पहिली ठेच लागते. तुम्ही चौकटीत ‘पुणे’ पुसून ‘सातारा’ लिहिलंत, पण अजून टॅब दाबून पुढे गेला नाहीत. स्क्रीनवर सातारा दिसतंय, पण ‘व्हॅल्यू’ अजून पुणेच आहे. चौकट सोडताना ‘टेक्स्ट’ची ‘व्हॅल्यू’ होते. म्हणून एकेका अक्षरागणिक चालणाऱ्या घटनेत तुम्ही ‘व्हॅल्यू’ तपासलीत, तर बदल झालाच नाही असं उत्तर येईल.

पहिली पद्धत: झेंडा

बदल ओळखायच्या मुख्य पद्धती दोन. पहिली झेंड्याची. फॉर्मला कुणी हात लावला की झेंडा वर, साठवलं की झेंडा खाली. ॲक्सेसमध्ये फॉर्मचा ‘डर्टी’ हा गुणधर्म म्हणजे हाच झेंडा. डर्टी म्हणजे मळलेलं. ऑपरेटिंग सिस्टिममध्येही हा शब्द याच अर्थाने येतो. मेमरीतलं जे पान बदललं आहे पण डिस्कवर अजून लिहिलेलं नाही, त्याला डर्टी पेज म्हणतात. घाण झालं असा अर्थ नाही, पक्क्या वहीशी जुळत नाही एवढाच अर्थ.

हा झेंडा तुम्ही रोज पाहिलाही असेल. फॉर्मच्या डाव्या कडेला उभी पट्टी असते, तिथे टायपिंग सुरू होताच पेन्सिलचं चित्र येतं. पेन्सिल दिसतेय तोवर नोंद साठवलेली नाही. एस्केप एकदा दाबलं की चालू रकान्यातला बदल मागे जातो, पुन्हा दाबलं की सगळ्या नोंदीतला. काऊंटरवरच्या माणसाला एवढं जरी शिकवलं तरी निम्मे घोटाळे टळतात. गंमत म्हणजे फॉर्म सुंदर दिसावा म्हणून आपण पहिल्यांदा तीच पट्टी काढून टाकतो.

झेंडा स्वस्त आहे, चटकन कळतो. पण त्याला दोन गोष्टी सांगता येत नाहीत. कोणता रकाना बदलला ते त्याला माहीत नाही. आणि बदल खरा आहे का तेही माहीत नाही. पुणेचं सातारा केलं आणि परत पुणे लिहिलं, तरी झेंडा वरच राहतो, कारण हात लागला होता. वेबवर अँग्युलर वापरणाऱ्यांनी हे पाहिलं असेल, तिथलाही डर्टी झेंडा किंमत पूर्ववत टाईप केली म्हणून आपणहून खाली येत नाही.

आणखी एक फसगत सांगतो. नोंद समोर आली की एक घटना घडते, ‘करंट’ नावाची. हौशी प्रोग्रॅमर तिथे कोड लिहितो की ‘शेवटची पाहणी’ या रकान्यात आजची तारीख टाक. आता रकाना टेबलाशी जोडलेला असेल, तर नुसती नोंद बघितली तरी झेंडा वर! शंभर नोंदी चाळल्या की शंभर नोंदी बदलल्या. माणसाने काही केलं नाही, कोडने केलं. तारीख टाकायचीच असेल तर ती साठवण्याच्या क्षणी टाका, बघण्याच्या नाही.

दुसरी पद्धत: तुलना

दुसरी पद्धत म्हणजे मूळ किंमत जपून ठेवायची आणि आताच्या किमतीशी ताडून बघायची. ॲक्सेसमध्ये टेबलाशी जोडलेल्या प्रत्येक रकान्याला ‘ओल्डव्हॅल्यू’ फुकट मिळते. वेबपानावर साध्या चौकटीला ‘डिफॉल्टव्हॅल्यू’ असते, चौकोनी खुणेला ‘डिफॉल्टचेक्ड’, यादीतल्या पर्यायाला ‘डिफॉल्टसिलेक्टेड’. हायबरनेट, एंटिटी फ्रेमवर्क अशी मोठी साधनंसुद्धा आत हेच करतात. वस्तू वाचली की तिची एक प्रत काढून ठेवायची आणि साठवताना ताडायची.

ऐकायला सोपं. पण ‘ही किंमत त्या किमतीइतकीच आहे का’ हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. एकेक अडचण बघू.

पहिली अडचण, रिकामा रकाना. डेटाबेसमध्ये ‘नल’ म्हणजे शून्य नाही आणि कोरी ओळही नाही. नल म्हणजे ‘माहीत नाही’. आणि माहीत नसलेल्या गोष्टीशी कशाचीही तुलना केली तर उत्तरही ‘माहीत नाही’ येतं. फोन आधी रिकामा होता, आता नंबर भरला. तुम्ही कोडमध्ये लिहिलंत, ‘जुनी किंमत नवीहून वेगळी असेल तर’. उत्तर आलं नल. ‘जर’च्या दाराशी नल म्हणजे ‘नाही’ धरलं जातं. म्हणजे रिकाम्या रकान्यात पहिल्यांदा माहिती भरली किंवा भरलेली माहिती पुसली, हे दोन्ही बदल तुमच्या तुलनेला दिसणारच नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचे बदल हेच असतात!

उपाय असा. आधी विचारा, दोन्ही नल आहेत का? असतील तर बदल नाही. एकच नल आहे का? असेल तर बदल आहे. दोन्हीत माहिती असेल तरच तुलना करा. काही जण नलच्या जागी कोरी ओळ धरून काम भागवतात. चालतं, पण मग नल आणि कोरी ओळ यांतला फरक पुसला जातो. तुमच्या कामात ‘फोन विचारलाच नाही’ आणि ‘फोन नाही असं सांगितलं’ या दोन गोष्टी वेगळ्या असतील, तर ते करू नका.

दुसरी अडचण, अक्षरं. ॲक्सेसच्या कोडमध्ये सुरुवातीला जी तुलनेची ओळ आपोआप येते, तिच्यामुळे इंग्रजी लहान-मोठी अक्षरं सारखीच धरली जातात. कुणाचं आडनाव सगळं लहान अक्षरांत पडलं होतं, मॅडमनी पहिलं अक्षर मोठं करून नीट केलं. तुलना म्हणते बदल नाही. तिथे अक्षराला अक्षर ताडणारी काटेकोर तुलना मुद्दाम मागावी लागते.

उलटही होतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना ठरावीक लांबीचा, ‘कॅर’ जातीचा असेल, तर उरलेल्या जागेत मोकळ्या जागा भरल्या जातात. ‘पुणे’ साठवलं, परत आलं ‘पुणे’ आणि पुढे पाच-सहा मोकळ्या जागा. वेबवर मोठ्या मजकुराच्या चौकटीत आणखी गंमत. चौकट आपल्या आत ओळ तुटल्याची खूण एका चिन्हाने ठेवते, पण फॉर्म पाठवताना तीच खूण दोन चिन्हांची होते. ती तशीच डेटाबेसात गेली आणि उद्या परत आली, की मूळ मजकुरात दोन चिन्हं आणि चौकटीत एक. माणसाने काही केलं नाही, पण तुलना ओरडते, बदललं, बदललं!

तिसरी अडचण आपल्या मराठीची, आणि ही इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. ‘कऱ्हाड’ हे गावाचं नाव घ्या. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाईप होतो. एक, युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचं नुक्तावालं ऱ आहे, ते घेऊन हलंत आणि ह. दुसरी, साधा र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग ह. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चंही तसंच. स्वतंत्र ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत, अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच देतात.

कुणी म्हणेल, युनिकोडने प्रमाणीकरणाचे नियम दिलेत, ते लावा. लावा जरूर. र आणि वेगळा नुक्ता असं लिहिलेलं त्याने एकत्र होऊन ०९३१ होतं. पण जॉइनरवाला ऱ्ह आणि चंद्रवाला अॅ यांना ते नियम हात लावत नाहीत. ती अदलाबदल आपली आपल्याला करावी लागते.

आणि इथे एक क्रम पाळायचा. मूळ मजकूर आणि नवा मजकूर, दोन्ही एकाच गाळणीतून काढायचे आणि मग ताडायचे. नव्यालाच गाळलं आणि जुना तसाच ठेवला, तर हात न लावलेली प्रत्येक जुनी नोंद बदललेली दिसेल.

प्रत म्हणजे खरी प्रत

वेबवर काम करणाऱ्यांची एक नेहमीची चूक सांगतो. सर्व्हरकडून सभासदाची माहिती आली. कोडमध्ये लिहिलं, मूळ बरोबर सभासद, आणि चालू बरोबर सभासद. वाटलं, दोन प्रती झाल्या. जावास्क्रिप्टमध्ये ही प्रत नव्हे, एकाच घराला लावलेल्या दोन पाट्या आहेत. चालूमध्ये नाव बदललं की मूळमध्येही बदललं. तुलना कायम म्हणणार, सगळं जुळतंय. प्रत काढायची तर आतल्या पत्त्यासकट, आतल्या वारसदारांच्या यादीसकट, खोलवर काढावी लागते.

दार एकच असू द्या

बदल ओळखला. आता विचारायचं कुठे? नोंद साठवायचे रस्ते अनेक आहेत. पुढच्या नोंदीवर जा, फॉर्म बंद करा, शिफ्ट आणि एंटर दाबा, मुख्य फॉर्मवरून आतल्या सबफॉर्ममध्ये जा, सगळीकडे ॲक्सेस नोंद साठवतो. प्रत्येक रस्त्यावर पहारेकरी बसवत बसलात तर एक तरी रस्ता राहणारच. पण हे सगळे रस्ते एका दारातून जातात. फॉर्मची ‘बिफोर अपडेट’ ही घटना म्हणजे ते दार. तपासणी तिथे करा. विचारायचं ते तिथे विचारा. नको असेल तर तिथेच रद्द करा. फॉर्मच्या ‘डर्टी’ घटनेवर विसंबू नका, कारण कोडने बदल केला तर ती घटना घडत नाही.

आणखी एक. कोणी काय बदललं याची नोंदवही ठेवायची असेल, तर जुनी किंमत या दाराशीच उचला. साठवण झाल्यावर ‘ओल्डव्हॅल्यू’ नव्या किमतीइतकीच होते, जुनी गेली ती गेली. पण नोंदवहीत पक्कं लिहा ते साठवण झाल्यानंतर, कारण दारातून गेलेली नोंदही टेबलाच्या नियमाला अडकून परत येऊ शकते. आधी उचला, नंतर लिहा.

आणि ते माझं ‘बंद करा’ बटण? दुरुस्ती अवघ्या एका ओळीची होती. बंद करण्याच्या आधी, फॉर्म डर्टी असेल तर डर्टी ‘असत्य’ कर. म्हणजे झेंडा खाली घे, आणि ॲक्सेसमध्ये झेंडा खाली घेणं म्हणजेच नोंद साठवणं. साठवता आली नाही तर तिथेच चूक उभी राहते, निरोप येतो, फॉर्म बंद होत नाही. ती ओळ असती, तर मॅडमना त्याच क्षणी कळलं असतं की फोन हवाय.

वेबवर दार थोडं कच्चं आहे. पान बंद होताना ‘बिफोरअनलोड’ घटना येते. तिथे तुम्ही ब्राऊझरला एवढंच सांगू शकता की माणसाला विचार. निरोपाचे शब्द आता ब्राऊझर स्वतःचेच दाखवतात. माणसाने पानाला हातच लावला नसेल तर विचारतही नाहीत. मोबाईलवर तर या घटनेचा भरवसाच नाही, माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि मागे पान केव्हा मारलं जातं ते कळत नाही. म्हणून तिथे पान नजरेआड गेल्याची घटना पकडून मसुदा जपून ठेवावा. मात्र तो ब्राऊझरमध्ये ठेवणार असाल तर विचार करा. एकाच संगणकावर दहा माणसं बसत असतील, तर एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल.

तेवढ्यात दुसऱ्याने बदललं तर?

आतापर्यंत आपण मूळ किंमत म्हणजे पक्की वही असं धरून चाललो. पण मूळ किंमत ही मी नोंद उघडली तेव्हाची आहे. दहा मिनिटं माझ्या स्क्रीनवर फॉर्म उघडा, तेवढ्यात शेजारच्या काऊंटरने तीच नोंद बदलली. मी साठवलं की त्याचं काम पुसलं.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला एक आवृत्ती क्रमांक ठेवायचा. वाचताना क्रमांक ७ होता. साठवताना म्हणायचं, सभासद अमुक आणि आवृत्ती अजून ७ असेल तरच बदल, आणि आवृत्ती ८ कर. डेटाबेस सांगतो किती ओळी बदलल्या. उत्तर शून्य आलं, तर मधे कुणीतरी हात मारलाय. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘रोव्हर्जन’ नावाची रकान्याची जातच आहे, ती हे आपोआप करते. ॲक्सेसही अशा वेळी स्वतः विचारतो, तुमचं साठवू, क्लिपबोर्डवर ठेवू की टाकून देऊ. आणि इथे तुलना कामी येते. कोणते रकाने मी बदलले हे माहीत असेल तर फक्त तेवढेच पाठवता येतात. मी फोन बदलला, त्याने पत्ता, तर भांडण नाहीच. दोघांनी वारसदार बदलला असेल, तर मात्र संगणकाने ठरवू नये, माणसासमोर दोन्ही ठेवावं.

विचारायचं कसं

शेवटी माणसाशी बोलणं. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बदल नसताना दर वेळी ‘सेव्ह करायचं का’ विचारलंत, तर चौथ्या दिवशी माणूस न वाचता एंटर दाबायला लागतो. मग खऱ्या बदलाच्या वेळीही तसंच दाबतो. म्हणून झेंड्यावर विसंबून विचारू नका. झेंडा वर असेल तर तुलना करा, आणि तुलनेत बदल निघाला तरच विचारा.

आणि ‘तुम्हाला खात्री आहे का? हो, नाही’ असं विचारू नका. कशाची खात्री? साठवायची की टाकायची? बटणावर क्रियापद लिहा. ‘साठवा’, ‘बदल टाकून द्या’, ‘फॉर्मवर परत जा’. तिसरं बटण ठेवाच. वर लिहा, ‘वारसदार: आधी अमुक, आता तमुक’. पाच सेकंदांत माणसाला आपली चूक दिसते.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: फॉर्मवर पन्नास रकाने आहेत. प्रत्येकासाठी वेगळा कोड लिहायचा का?

उत्तर: नाही, नाही. फॉर्मवरच्या सगळ्या रकान्यांवरून एक फेरा मारा. पण सरसकट सगळे घेऊ नका. नुसती लेबलं आणि बटणं वगळा. जे टेबलाशी जोडलेले नाहीत ते वगळा, त्यांना जुनी किंमत नावाची गोष्टच लागू नाही. ज्यांचा स्रोत बरोबरच्या चिन्हाने सुरू होतो, म्हणजे गणिताने येणारे, तेही वगळा. उरलेल्यांवर एकच तुलना चालवा.

प्रश्न: सबफॉर्ममधल्या बदलांचं काय? रद्द म्हटलं तर तेही मागे जातात का?

उत्तर: चांगला प्रश्न. जात नाहीत. सबफॉर्मला स्वतःचा वेगळा झेंडा असतो, स्वतःचं वेगळं दार असतं. आणि तुम्ही सबफॉर्ममध्ये पाऊल टाकलंत की मुख्य नोंद आधीच साठवलेली असते. ‘सगळंच रद्द’ असं हवं असेल, तर तात्पुरत्या टेबलात काम करून शेवटी एका व्यवहारात पक्क्या टेबलात उतरवावं लागतं. जास्त काम आहे, पण अर्धवट पावती चालत नसेल तर तेच करावं.

प्रश्न: मग सगळं आपोआप सेव्ह केलं तर ही कटकटच नको ना?

उत्तर: लेख लिहीत असाल, मागच्या आवृत्त्या जपल्या जात असतील, तर उत्तम. पण वारसदाराचं नाव अर्धं टाईप केलंय आणि ते साठवलं गेलं, हे चालेल का? मसुदा आपोआप जपा, पक्की नोंद माणसाच्या हाताने होऊ द्या.

जाता जाता एक गृहपाठ. घरी गेल्यावर स्वतःचा कुठलाही फॉर्म उघडा आणि या गोष्टी करून बघा. नुसती नोंद उघडून बंद करा. बदल करून परत होतं तेच लिहा. रिकामा रकाना भरा. भरलेला रिकामा करा. टाईप करून टॅब न दाबताच बंद करा. सक्तीचा रकाना पुसून बंद करा. दोन खिडक्यांत एकच नोंद उघडून दोन्हीकडून साठवा. सातही वेळा फॉर्म खरं बोलला, तर तो काऊंटरवर द्यायला हरकत नाही. माझा त्या वेळी सहाव्या परीक्षेत नापास झाला असता. मी ती घेतलीच नव्हती.